मुलगा रोज एकच 'ॲक्सिडेंट' खेळतो. प्ले थेरपीचा खरंच उपयोग होतो का? (नाशिक)

ऋतुजा_इंदिरानगर

नमस्कार. इथे बरेच दिवस नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मुलगा साडेसहा वर्षांचा, पहिलीत आहे. पावसाळ्यात ह्यांच्या टू-व्हीलरला मुंबई नाक्याजवळ अपघात झाला. पाय मोडला, ऑपरेशन झालं, आता कामावर जायला लागलेत. मुलाने अपघात पाहिला नाही, पण हॉस्पिटलमधलं सगळं पाहिलं. तेव्हापासून रात्री अंथरूण ओलं होतंय (मधली काही वर्षं पूर्ण बंद होतं), बाबा बूट घालायला लागले की पाय धरून बसतो, आणि खेळ एकच. सोफ्याच्या हातावरून लाल गाडी येते, निळीला ठोकते, "ॲम्ब्युलन्स! ॲम्ब्युलन्स!", मग दोन्ही गाड्या उचलून परत पहिल्यापासून. जेवायला हाक मारली तरी ऐकू जात नाही.

शाळेतल्या समुपदेशक बाई म्हणाल्या प्ले थेरपीला न्या. सासूबाई म्हणतात दृष्ट काढ. हे म्हणतात, खेळायला हजार रुपये? घरात खेळणी कमी पडली का?

हा खेळ थांबवावा की चालू द्यावा? थेरपीत नक्की करतात काय? आणि कोणाकडे जायचं हे ठरवायचं कसं? (नावं इथे नकोत, व्यनि म्हणजे व्यक्तिगत निरोप करा.)

तर्री_जास्त

हजारात तासभर खेळायला मिळत असेल तर माझंही नाव घाला.

ताई, गंमत केली, राग मानू नका. जाणकार येतीलच, तोवर धागा वर ठेवतो.

सिडकोकर

स्पष्ट बोलतो. आम्ही सिडकोतल्या मोकळ्या प्लॉटवर लगोरी, विटीदांडू, डबडा ऐसपैस खेळून मोठे झालो. डोकी फुटली, रडत घरी गेलो की आई वर आणखी एक ठेवून द्यायची. कुणाला थेरपी लागली नाही. आता प्लॉटवर बिल्डिंगा, उरलेल्या जागेत पार्किंग, पोरं मोबाईलवर. मग लागणारच थेरपी! रोज संध्याकाळी दोन तास बाहेर सोडा, पोरगं आपोआप ताळ्यावर येईल.

अनघा_गंगापूररोड

सिडकोकर, मैदानाबद्दल काही वादच नाही. पण माझी मुलगी मैदानातही गप्पच उभी राहायची. घरी पोपटासारखी बडबड आणि शाळेत वर्षभर एक शब्द नाही. हजेरीलासुद्धा नुसता हात वर. त्यामुळे हे सगळं जवळून पाहिलंय, ते लिहिते.

खोली काही फार मोठी नव्हती. खाली चटई, बुटक्या फळ्या, त्यावर सगळं उघडं मांडलेलं. बाहुलीघर, त्यातली लाकडी माणसं, डॉक्टरचा सेट, वाघ-सिंह-डायनोसॉर, हातात घालायच्या बाहुल्या, शाडूचा गोळा, खेळण्यातला फोन आणि एक वाळूचा ट्रे. बटण दाबलं की आपोआप चालणारं खेळणं एकही नव्हतं. का, असं विचारलं तर म्हणाल्या, ते स्वतःच खेळतं, मुलाला काही करायला ठेवत नाही.

मी नसले की ती आत जायचीच नाही, म्हणून सुरुवातीला मलाही कोपऱ्यात बसू दिलं. पोरगी नुसती एका वाटीतली वाळू दुसऱ्या वाटीत ओतायची. मॅडम शेजारी खाली बसलेल्या. "हे काय केलंस?", "हा कोण?", "रंग कोणता?" असला एकही प्रश्न नाही. मध्येच एखादं वाक्य, "अगदी काठोकाठ भरलीस." वेळ संपत आली की "अजून पाच मिनिटं आहेत." बस. लोकांचे पैसे पाण्यात जातात, माझे वाळूत चाललेत असं वाटायचं.

मग एकदा तिने सगळे प्राणी वाळूत पुरले, कासव तेवढं बाहेर ठेवलं, तो फोन उचलला आणि कासवाच्या आवाजात म्हणाली, "मी आज येणार नाही." परक्या माणसासमोर निघालेलं तिचं पहिलं वाक्य! मॅडमनी ना टाळ्या वाजवल्या ना शाबासकी दिली. त्यांनी दुसरा फोन उचलला आणि "बरं, कासव आज येणार नाही" एवढंच म्हणाल्या.

शाळेत बोलायला त्यानंतरही बरेच महिने लागले, आणि त्यात वर्गशिक्षिकेचा वाटा मोठा आहे. सगळं एकट्या वाळूने केलं असं मी म्हणणार नाही.

मानसी_क्लिनिकल

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, नाशिकचीच. जाहिरात वाटू नये म्हणून एवढंच सांगते.

ऋतुजाताई, आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवून लघवीची तपासणी करून घ्या. बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं तर संसर्ग, बद्धकोष्ठ, साखर या गोष्टी आधी बाजूला काढायच्या असतात. तोवर त्याला ओरडू नका, पाहुण्यांसमोर विषय काढू नका.

खेळ थांबवू नका. पण नीट बघा. भीती खेळून दाखवणं मुलांमध्ये नेहमीचंच आहे, इंजेक्शन घेऊन आलेलं मूल घरी सगळ्या बाहुल्यांना टोचत सुटतं ना, तसंच. तिथे जे आपल्यावर झालं ते आपल्या हाताने होतं, म्हणून जिवाला बरं वाटतं. पण काही वेळा खेळ अडकतो. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या चाउचिला गावी शाळेची बस पळवून २६ मुलांना जमिनीत पुरलेल्या ट्रकच्या डब्यात कोंडलं होतं. मुलं जिवंत सुटली. लेनोर टेर या मनोविकारतज्ज्ञांनी पुढे कित्येक वर्षं त्यांचा पाठपुरावा केला, त्यात त्यांना असा अडकलेला खेळ दिसला. तोच प्रसंग, तोच शेवट, गंमत अजिबात नाही आणि खेळून झाल्यावर मूल हलकं होत नाही. तेव्हा तुम्ही एवढं बघा. गोष्टीत काही बदलतंय का? नवीन माणूस येतो का? कुणाला वाचवलं जातं का? खेळ संपल्यावर त्याचा चेहरा कसा असतो? काही न बदलता हे महिनोन्‌महिने चाललं असेल, वर झोप आणि शाळेवर परिणाम असेल, तर मदत घ्यायला हवी.

थेरपीत काय करतात, तर अनघाताईंनी लिहिलं ते बिनदिशादर्शक पद्धतीचं, म्हणजे काय खेळायचं ते मूलच ठरवतं त्या पद्धतीचं, उत्तम वर्णन आहे. लहान मुलांशी खेळाच्या वाटेने काम करायला १९२०-३० च्या दशकांत मेलनी क्लाइन आणि ॲना फ्रॉइड यांनी सुरुवात केली, दोघींचं आपसात पटत नसे तो भाग वेगळा. वाळूच्या ट्रेची कल्पना लंडनच्या मार्गारेट लोवेनफेल्ड यांची. मूल पुढे आणि मोठा माणूस मागे ही शिस्त बसवली व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी, १९४० च्या दशकात. दुसरी पद्धत दिशा देणारी असते, त्यात थेरपिस्ट ठरवून एखादा खेळ मांडतो. अनेक जण दोन्ही वापरतात. वय साधारण ३ ते १२.

"मूल पुढे" म्हणजे वाटेल ते चालतं असं मात्र नाही. मुलाने मारायला हात उचलला तर तीन गोष्टी क्रमाने बोलायच्या असतात. "तुला माझा खूप राग आलाय. मी मारण्यासाठी नाही. मारायचंय तर त्या उशीला मार." राग नाकारायचा नाही, हात अडवायचा.

सिडकोकर

मॅडम, माहितीबद्दल आभार. पण काळानेही मूल बरं होतंच की. थेरपीने झालं की दिवस गेले म्हणून झालं, हे कसं कळणार? काही पुरावा?

आकडेमोड

रास्त प्रश्न. म्हणूनच थेरपी न घेतलेल्या मुलांशी तुलना करतात. ब्रॅटन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये असे ९३ अभ्यास एकत्र करून पाहिले. सरासरी परिणाम ०.८० प्रमाणित विचलन निघाला, संख्याशास्त्रात याला मोठा म्हणतात. पालकांना शिकवून त्यांच्याचकडून करून घेतलेल्या खेळाचा परिणाम त्याहून जास्त निघाला.

आता दुसरी बाजू. त्यातले बरेच अभ्यास लहान आहेत, त्यामुळे आकडा थोडं मीठ लावूनच घ्यावा. आणि अपघात, अत्याचार अशा आघातानंतरच्या त्रासासाठी सर्वांत भक्कम पुरावा ट्रॉमा-फोकस्ड सीबीटी (आघातावर थेट काम करणारी, विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी) या पद्धतीच्या बाजूने आहे. ऋतुजाताई, भेटाल त्यांना ही येते का, हे विचाराच.

मानसी_क्लिनिकल

सहमत. साडेसहा वर्षांच्या मुलाबरोबर ती करतानाही चित्रं, बाहुल्या, गाड्या लागतातच. समोर खुर्चीत बसवून "तुला काय वाटतं सांग" म्हटलं तर या वयाचं मूल छताकडे बघतं.

निफाडची_बाग

आमच्याकडचं सांगतो. गारपिटीत द्राक्षाची बाग झोपली त्या वर्षी भाचा पाच-सहा वर्षांचा असेल. घरात सगळे सुन्न, त्याच्याशी बोलायला कोणाला वेळ? पोरगं ओट्यावर काड्यापेटीच्या काड्या मातीत खोचायचं, वरून दोरा बांधून मांडव करायचं आणि मुठीने साबुदाणा टाकून तो पाडायचं. रोज. आई साबुदाण्यावरून ओरडायची. माझ्या वडलांना ते बघवायचं नाही, उठून जायचे.

एके दिवशी त्याने आजीच्या जुन्या साडीचा तुकडा आणला, काड्यांवर ताणून चारी बाजूंनी चिमट्यांनी अडकवला, मग साबुदाणा टाकला. सगळा घरंगळून खाली. तेव्हा पोरगं जे हसलं! त्यानंतर चार-दोन वेळा खेळला असेल, मग विसरून गेला.

आमच्या खऱ्या बागेवर आच्छादन अजून नाही. एकरी खर्च ऐकला की आम्हीच आडवे होतो.

मानसी_क्लिनिकल

निफाडकर, मी वर खेळ बदलण्याबद्दल लिहिलं ते हेच. त्याला कोणी शिकवलं नाही, त्याने शेवट स्वतः शोधला. असं आपोआप होतं तिथे थेरपिस्टची गरज नसते. होत नाही तिथे असते.

तर्री_जास्त

भाच्याला द्राक्ष बागायतदार संघावर घ्या. आच्छादनाचा ठराव पहिल्याच बैठकीत मंजूर.

निफाडची_बाग

तो आता दहावीला आहे. म्हणतो शेती करणार नाही, पुण्याला जाणार. 😄

सिडकोकर

नाशिककरांना थेरपीची गरज नाही हे मी अजूनही म्हणतो. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाने भरलेल्या जुन्या हौदात, एक उडी मारली की वर्षाचं डोक्यातलं सगळं साफ.

गावठाणी

उडी मारायची तर तिवंध्याला. शनि चौकवाले आता भांडायला येतील.

तर्री_जास्त

अंगावर चार माणसं पडतात ती रहाडीत, आणि हे म्हणे मन:शांती. असो, विषयावर या मंडळी.

वैतागलेला_बाप

माझा अनुभव वेगळा, तोही असू द्या. मुलीला नेत होतो. दर वेळी पैसे भरायचे, बाहेर खुर्चीत बसायचं, आणि आत काय झालं विचारलं तर "छान खेळली". अहो, माझी मुलगी आहे ना ती? शेवटी बंद केलं. अजूनही वाटतं, बापाला बाहेर ठेवून मुलीचं भलं कसं होणार?

मानसी_क्लिनिकल

दादा, "छान खेळली" हे उत्तर नाही, तुमचा वैताग रास्त आहे. मुलीने अमुक बाहुलीला काय म्हटलं हे शब्दशः आम्ही सांगत नाही. ते घरी जेवणाच्या ताटावर निघालं तर पुढच्या वेळी ती खेळणारच नाही. पण दर काही भेटींनी पालकांसोबत वेगळं बसून, काय बदलतंय, कशाची भीती दिसते, घरी काय वेगळं करायचं, हे सांगायलाच हवं. आणि मुलाच्या जिवाला धोका असेल तिथे गुप्तता संपते. लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर पॉक्सो कायद्याने (मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा), २०१२ पासून, कळवणं बंधनकारक आहे. हे सगळं पहिल्याच भेटीत सांगायचं असतं. नसेल सांगितलं तर विचारा.

आणि मोठी माणसं सोडून एकट्या मुलावर काम फारसं टिकत नाही, हे तुमचं म्हणणं वरच्या आकड्यांशी जुळतंच.

वैतागलेला_बाप

हे कोणी तेव्हा सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आडगाव_नाका

माणूस कसा निवडायचा यावर कोणीच बोललं नाही, म्हणून मी लिहितो. आपल्याकडे 'प्ले थेरपिस्ट' असा बोर्ड लावायला वेगळा परवाना लागत नाही. शनिवार-रविवारचा ऑनलाइन कोर्स करून प्रमाणपत्र फ्रेम केलेलेही आहेत. बॉलपूलमध्ये पोरं सोडून त्याला थेरपी म्हणणारं दुकानही मी पाहिलंय. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी मात्र भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. नंबर बिनधास्त मागा, खरा माणूस रागावत नाही. मूळ शिक्षण काय, खेळाच्या पद्धतीचं प्रशिक्षण कुठे आणि किती, आणि स्वतः कोणाच्या देखरेखीखाली काम करता, हेही विचारा. "दहा सेशनमध्ये गॅरंटी" म्हणाला की चपला घालायच्या.

पेठची_बाई

मी पेठ तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. हा धागा वाचताना सारखं वाटतंय की हे सगळं शहराचं चाललंय.

आमच्याकडे द्राक्षांचा हंगाम आला की आई-बाप दिंडोरी-निफाडकडे कामाला जातात. पोरं आजीपाशी. त्या दिवसांत भातुकली मांडली की हमखास एक पोरगी पिशवी भरते, दाराशी जाते, परत येते, पुन्हा भरते. दुसरी म्हणते, "आई, नको ना जाऊ," तर पहिली म्हणते, "गप, पैसे आणते." मी काही थेरपिस्ट नाही. मी फक्त ती भातुकली मोडत नाही, आणि घंटा झाली म्हणून लगेच आवरायला लावत नाही. एकदा साहेब तपासणीला आले, म्हणाले तास कशाचा चालू आहे? म्हटलं, परिसर अभ्यास!

ताराबाई मोडकांनी नूतन बाल शिक्षण संघ काढला १९२६ साली. पुढे त्या आणि अनुताई वाघ कोसबाडच्या पाड्यांवर वारली मुलांमध्ये जाऊन बसल्या, शंख-शिंपले, बिया, दगड हीच खेळणी. त्याला थेरपी म्हणत नव्हते, आणि ती थेरपी नव्हतीही. पण मुलाच्या खेळात मोठ्याने लुडबुडू नये हे आम्ही तिथूनच शिकलो.

माझा प्रश्न असा की, ज्यांना हजार रुपये परवडत नाहीत त्यांनी कुठे जायचं?

मानसी_क्लिनिकल

बाई, तुमच्या साहेबांना दिलेलं उत्तर मी जपून ठेवणार आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळा-अंगणवाड्यांत तपासणीला येतात, त्यांना अशी मुलं नावानिशी दाखवा. जिल्हा पातळीवर त्याच कार्यक्रमातलं डीईआयसी (मुलांच्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र) असतं, तिकडे पाठवता येतं आणि तिथे शुल्क नाही. रांग असते, माणसं कमी असतात, हेही खरं. सिव्हिलच्या मनोविकार विभागातही दाखवता येतं. फोनवर बोलायचं तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, मोफत, मराठीत बोलतात. मुलाला धोका आहे असं वाटलं तर चाइल्डलाइन, १०९८.

देवळालीचा_बाबा

घरी करता येण्यासारखं एक सांगतो. आम्हाला थेरपिस्टनेच शिकवलं. १९६०च्या दशकात गर्नी नवरा-बायकोने अमेरिकेत ही पद्धत काढली, पालकांनाच तयार करायचं. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, अर्धा तास. वेगळी पिशवी, त्यातली खेळणी फक्त त्याच वेळी. फोन दुसऱ्या खोलीत. काय खेळायचं ते मूल ठरवणार. शिकवायचं नाही, सुधारायचं नाही, प्रश्न विचारायचे नाहीत. ऐकायला सोपं वाटतं. पोराने गाय निळी रंगवली की जीभ चावून बसावं लागतं.

मला बहुतेक वेळा मेलेला राक्षस करतात. मेलेल्या राक्षसाने बोलायचं नाही, हलायचं नाही, डोळे मिटून पडायचं. ऑफिसातून आल्यावर याहून चांगलं काम मला आजवर कुणी दिलेलं नाही.

तर्री_जास्त

राक्षसाची जागा रिकामी असेल तर कळवा. अनुभव: वीस वर्षं, दर रविवारी दुपारी.

ऋतुजा_इंदिरानगर

सर्वांचे मनापासून आभार. थोडं सांगते.

लघवीचा रिपोर्ट नॉर्मल आला. व्यनितून आलेल्या नावांपैकी एकीकडे गेलो. आरसीआय नंबर मागितला, लगेच दाखवला (आडगाव नाका, धन्यवाद). पहिल्या भेटीला मुलाला आणू नका म्हणाल्या, आम्ही दोघंच गेलो. त्यांनी विचारलं, "ॲम्ब्युलन्समधून कोण उतरतं? कोणाला नेतात?" आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. घरी येऊन पाहिलं तर ॲम्ब्युलन्स येते, थांबते, आणि दार कधी उघडतच नाही. आत कोणी बसत नाही, बाहेर कोणी येत नाही.

त्याच्या सेशन सुरू झाल्यात. अंथरूण अजून ओलं होतं, बूट घालतानाचा गोंधळही आहे, उगाच खोटं कशाला सांगू. पण देवळालीच्या बाबांची पिशवी आम्ही त्या मॅडमना विचारूनच सुरू केली. ह्यांना खाली बसता येत नाही अजून, म्हणून पाटावर बसवलं. दुसऱ्याच रविवारी पोराने ह्यांच्या हातात शिट्टी दिली आणि सांगितलं, तुम्ही मुंबई नाक्याचे पोलीस, मी म्हणेन तेव्हाच गाड्या सोडायच्या. आता लाल गाडी कधी ठोकते, कधी सिग्नलला उभी राहते. सोसायटीत शिट्टीबद्दल तक्रार गेली आहे. 'खेळायला हजार रुपये' म्हणणारे आता मला विचारतात, रविवारी पाहुणे येणार असतील तर शनिवारी खेळलं तर चालेल का?

सासूबाईंनी दृष्टही काढली. मी म्हटलं, काढा, त्याने कुणाचं काही बिघडत नाही.

मानसी_क्लिनिकल

वार बदलू नका, पाहुण्यांना चहा नंतर द्या. अंथरुणाला वेळ लागेल, ते बहुतेक सगळ्यात शेवटी थांबतं.

अनघा_गंगापूररोड

वाळू खेळायला लागला तर कपडे जुनेच घाला. आमची वॉशिंग मशीन अजून कुरकुरते.

सिडकोकर

माझं मत बदललेलं नाही, मैदान पाहिजेच. पण पेठच्या बाई, माझा बिल्डिंग मटेरियलचा धंदा आहे आणि गाडी महिन्यातून एकदा करंजाळीपर्यंत जातेच. शाळेला वाळू हवी असेल तर व्यनि करा, भाडं घेणार नाही.

पेठची_बाई

पाठवा ना दादा! फक्त बारीक चाळलेली आणि धुतलेली द्या, काँक्रीटसाठीची खडी नको. आणि वर टाकायला एखादी जुनी ताडपत्री मिळाली तर बघा, इथे मांजरं फार आहेत.